कोऱ्हाळे ते कळस, हवाई अंतर अडतीस

लग्नपत्रिका छापून आली तेव्हा कोऱ्हाळे बुद्रुकमधल्या निम्म्या लोकांनी ती दोनदा वाचली. वर गणपती होता, खाली काकाच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी चिल्लीपिल्ली होती, मधे सत्तावीस निमंत्रक आणि अठरा प्रमुख पाहुणे दाटीवाटीनं बसवले होते. एवढं सगळ्यांच्याच पत्रिकेत असतं. पण अगदी तळाला, विवाहस्थळाच्या पत्त्याखाली, आजवर कुणी छापली नसेल अशी एक ओळ होती: 'कोऱ्हाळे ते कळस, हवाई अंतर ३८ कि.मी.'

ही ओळ नवरदेवाच्या वडिलांनी, म्हणजे जोतीरामतात्यांनी, स्वतः प्रेसमध्ये जाऊन घालून घेतली होती. रस्त्यानं किती, असं प्रेसवाल्यानं विचारलं, तर तात्या म्हणाले की रस्त्याचं काय, तो आज असा आहे, उद्या तसा. हवा मात्र बदलत नाही. प्रेसवाल्यानं मुकाट्यानं छापलं. त्याचं बिल आगाऊ मिळालेलं होतं.

तात्यांना हे हवाई अंतराचं वेड कुठून लागलं, ते आधी सांगायला हवं. दोन साखर कारखान्यांमधे पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर पाहिजे, असा आपल्याकडं नियम आहे. रस्ता कितीही वळसे घेऊ दे, मधे ओढा येवो नाहीतर कॅनॉल येवो, नियमाला त्याचं सोयरसुतक नाही. नकाशावर सरळ रेघ ओढायची आणि मोजायची. पंधरा वर्षांपूर्वी तात्या इकडच्या एका कारखान्याचे संचालक होते. त्याच वेळी तिकडं इंदापूर तालुक्यात कळसच्या लोकांनी स्वतःचा कारखाना काढायचं मनावर घेतलं. त्यांचा ऊस दरवर्षी तोडीची वाट बघत एप्रिलपर्यंत उभा राहायचा, तुरे यायचे, वाळून चिपाड व्हायचा. शेअर गोळा झाले, जागा ठरली, पुढारपण आबाजी नावाच्या एका अबोल शेतकऱ्यानं घेतलं. आणि इकडच्या संचालक मंडळानं हरकत घ्यायचं काम तात्यांवर सोपवलं.

मोजणी झाली. अंतर भरलं चोवीस किलोमीटर सहाशे मीटर. चारशे मीटर कमी. कळसकर म्हणाले, आम्ही चारशे मीटर पुढं सरकतो. पुढं वनखात्याची जमीन निघाली. पुण्याला साखर आयुक्तांपुढच्या सुनावणीत तात्या उभे राहिले आणि त्यांनी जे वाक्य टाकलं ते पुढं सहा महिने बारामतीच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर फिरत होतं. ते म्हणाले, "पंचवीसच्या आत जे काय हाय, ते आमचं अंगण हाय सायेब. आमच्या अंगणात दुसऱ्यानं चूल मांडायची न्हाय." कळसचा प्रस्ताव फेटाळला गेला. कोऱ्हाळ्यात गुलाल उधळला. आबाजी एसटीनं परत गेले.

त्या दिवसापासून तात्यांच्या डोक्यातून रस्ते नाहीसे झाले. पुणे किती? हवेतनं ऐंशी. नीरेपलीकडं मेहुण्याचं घर किती? हवेतनं अकरा. मेहुण्याच्या नातवाच्या बारशाला तात्या त्या अकराच्या हिशेबानं घरून निघाले आणि पुलाला वळसा घालून पोचले तेव्हा पोराचं नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या संपल्या होत्या आणि पोर झोपलं होतं. पण तात्या खचले नाहीत. मुलानं, रणजितनं, त्यांच्या फोनमधे नकाशावर सरळ रेघ ओढायची सोय करून दिली होती. तात्या बोटानं रेघ ओढायचे, आकडा बघायचे आणि ध्यान लागल्यासारखे शांत व्हायचे. त्यांची बायको कुशाबाई म्हशीची धार काढता काढता एवढंच विचारायची, की पंख कधी फुटणार आहेत.

रणजित बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. त्याच बारामतीत एका कॉलेजात शिकवणारी स्वरूपा त्याला आवडली. दोघांनी आपापल्या घरी सांगितलं. स्वरूपा कळसची, आणि आबाजींची धाकटी लेक, हे कळल्यावर रणजितला वाटलं आता घरात भांडी आपटणार. उलटंच झालं. तात्या एकदम खुशीत आले. पंधरा वर्षांत त्यांनी कळसमधे पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता ते तिथं वरबाप म्हणून जाणार होते. व्याहीभेट अक्षतांच्या आधी असते. आबाजी सगळ्या कळसच्या देखत मांडवाच्या दारात उभे राहणार, तात्यांच्या डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, गळ्यात हार घालणार. तात्यांना त्या लग्नातून सून हवी होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हवा होता तो हार. तो मिळाला की पुण्यातली सुनावणी खऱ्या अर्थानं संपणार होती.

बैठक कोऱ्हाळ्यात झाली. मानपान, कपडे, जेवण, सगळं सरळ मिटलं. मुहूर्त निघाला फेब्रुवारीतला, दुपारी बारा पंचवीसचा. मग आबाजींनी विचारलं, की वऱ्हाड निघणार किती वाजता? गाळपाचा हंगाम आहे, रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या आहेत, बारामतीतून बाहेर पडायलाच पाऊण तास जातो. पंचावन्न किलोमीटरची वाट आहे, तर सातला निघा, नाश्ता आमच्याकडं करा.

आता हे एखाद्या बापानं दुसऱ्या बापाला सांगितलेलं साधं व्यवहाराचं बोलणं होतं. पण तात्यांच्या कानाला त्यातला फक्त 'पंचावन्न' लागला. पंचावन्न मान्य करायचे म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचं सगळं पाण्यात. तात्या सावरून बसले आणि म्हणाले की अडतीस किलोमीटरला कुणी सातला निघत नाही. आम्ही दहाला निघू. हेलिकॉप्टर केलं तर चौदा मिनिटांचं काम आहे.

"करनार हाय का?" आबाजींनी विचारलं.

तात्या म्हणाले, नाही, पण करता येतं.

आबाजी थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग हळूच म्हणाले, "तात्या, कारखाना काढायला निघालो तवा आमचं गाव पंचवीसच्या आत व्हतं. तुमच्या कारखान्याला ऊस घातला की बिलातनं वाहतूक छत्तीस किलोमीटरची कापत्यात. आमचं गाव रात्रीतनं सरकतं का काय?"

बैठकीतले लोक हसले. हसणाऱ्यांत कोऱ्हाळ्याचेही होते, हे तात्यांच्या नजरेतून सुटलं नाही. आबाजी हसले नाहीत. त्यांनी उठता उठता एवढंच सांगितलं, की निघायची वेळ तुमची, मुहूर्ताची वेळ माझी; बारा पंचवीसचं बारा सव्वीस होणार नाही. पुढाऱ्यांच्या भाषणांसाठी नवरा-नवरीला तासभर ताटकळत ठेवायची रीत आमच्या मांडवात नाही. तात्यांनी कबूल केलं. आणि दुसऱ्याच दिवशी प्रेसमधे जाऊन ती ओळ छापून घेतली.

लग्नाच्या दिवशी कुशाबाई पहाटे चारला उठली. म्हशीची धार काढून, हात धुवून, नवी साडी नेसून ती साडेसहाला ओसरीवर तयार बसली. मंगळसूत्राची डबी, जोडवी आणि अक्षतांची पुरचुंडी तिनं एका पिशवीत घातली आणि पिशवी मांडीवर धरली. सातला तिनं तात्यांना एकदा विचारलं. आठला एकदा विचारलं. नऊला विचारायचं सोडून दिलं. फेटे बांधणारा साडेनऊला आला, कारण पत्रिका त्यालाही गेली होती आणि अडतीस किलोमीटर त्यानंही वाचले होते. दहा पाचला एक बस, नऊ गाड्या आणि बँडवाल्यांचा एक टेम्पो असं वऱ्हाड हललं. तात्या पहिल्या गाडीत पुढं बसले. फोनवरची रेघ त्यांनी उघडून ठेवली होती.

बारामतीनं पाऊण तास खाल्ला. आबाजींनी सांगितला होता तेवढाच, एक मिनिट कमी नाही. कळसच्या रस्त्याला लागल्यावर समोरून उसानं भरलेल्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, रस्त्याची पाऊण रुंदी आणि वर टेपवर कसलंतरी गाणं. प्रत्येक वेळी वऱ्हाडाच्या गाड्यांनी खाली उतरायचं, धुरळा खायचा आणि पुन्हा वर यायचं. तात्यांनी मोजायला सुरुवात केली, मग चौदाव्या ट्रॉलीला ते सोडून दिलं. सगळ्या ट्रॉल्यांवर एकाच कारखान्याचे नंबर होते. तो कारखाना कुणाचा, हे गाडीत सगळ्यांना माहीत होतं.

पावणेबाराला गाड्या थांबल्या. पुढं एका वळणावर एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली आडवी झाली होती. मोळ्या रस्ताभर पसरल्या होत्या, ट्रॅक्टरचं तोंड चारीत गेलं होतं, एका बाजूला कॅनॉल, दुसऱ्या बाजूला कुणाच्यातरी गव्हाला पाणी सोडलेलं. पलीकडं भरलेल्या अडकलेल्या ट्रॉल्यांची रांग, अलीकडं रिकाम्या परतणाऱ्यांची. माणूस कुणी दुखावला नव्हता. ड्रायव्हर मोळीवर बसून तंबाखू मळत होता. तात्यांनी खाली उतरून, संचालकी आवाज लावून विचारलं, की हा कारभार कुणाचा?

"तुमच्याच कारखान्याची खेप हाय की," तो म्हणाला. "कळसचा ऊस."

तात्यांनी फोनवरची रेघ बघितली. मांडव नऊ किलोमीटरवर, असं त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. हवेतनं. त्यांनी फोन कानाला लावून तीनचार ठिकाणी जुनी ओळख चालवून बघितली. जेसीबी येतोय, दोन तास लागतील, असं सगळ्यांनी अदबीनं सांगितलं. माजी संचालकाला माणसं अदबीनंच नाही म्हणतात.

बारा वाजायला आले. नवरदेव गाडीतून उतरून मुंडावळ्या बाजूला सारत रस्त्याकडं बघत उभा होता. तो बापाला एक शब्द बोलला नाही, आणि तेच तात्यांना जास्त लागलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात ऊसतोड टोळीचा मुकादम, म्हस्कू, पडलेला माल बघायला मोटारसायकलवरून कॅनॉलच्या भरावावरून आला. कुशाबाईनं त्याला हाक मारून विचारलं, की ही वाट कुठवर जाते. म्हस्कू म्हणाला, पार कळसपर्यंत, पण दोन चाकांनाच. वीस-पंचवीस मिनिटं लागतील.

पुढं जे झालं ते दीड मिनिटात झालं. कुशाबाईनं रणजितचा हात धरून त्याला म्हस्कूच्या मागं बसवलं. त्याचा शेला गुंडाळून त्याच्याच मांडीखाली खोचला. मग पदर कमरेला बांधून, पिशवी छातीशी धरून, ती स्वतः सगळ्यात मागं बसली. तिघं झाली. मोटारसायकल तेवढ्यानंच खाली बसली. तात्या पुढं आले. त्यांचा एक हात हँडलवर होता.

"आन् मी?" ते म्हणाले.

कुशाबाईनं मागं वळूनही बघितलं नाही. "तुमी या हवेतनं," ती म्हणाली.

मोटारसायकल भरावावर चढली. फेट्याचा शेमला थोडा वेळ बाभळींच्या आडून दिसत होता, मग दिसेनासा झाला. मागं राहिलं ते नवरदेवाशिवायचं वऱ्हाड, बँडसकट. बँडवाल्यांनी वाजवू का विचारलं. कुणीतरी त्यांना गप्प बसवलं.

बारा तेवीसला तात्यांचा फोन वाजला. कुशाबाई होती. पोचलो, म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून तिनं कुठंतरी ठेवला. लाऊडस्पीकरची खरखर, माणसांचा गलका, मग गुरुजींचा आवाज. मंगलाष्टकं सुरू झाली. तात्यांनी फोनचा आवाज मोठा केला आणि हात उंच धरला, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं. शंभरेक माणसं, नटूनथटून, त्या पडलेल्या उसाभोवती गोळा झाली. अक्षता पिशवीबरोबर गेल्या होत्या. तात्यांच्या खिशात घरच्या देवापुढच्या थोड्या उरल्या होत्या. त्यांनी त्या चिमूटचिमूट वाटल्या. 'शुभमंगल सावधान' झालं की त्या टाकायच्या कुठं, हा प्रश्न होता. सगळ्यांनी फोनच्या दिशेनं टाकल्या. त्या तात्यांच्या फेट्यावर आणि ट्रॉलीतून पडलेल्या मोळ्यांवर पडल्या. अडकलेल्या एका बैलगाडीचा बैल तोवर एका मोळीचे हिरवे शेंडे खात होता. त्यानं मान झटकली आणि पुन्हा खायला लागला. फोनवरून टाळ्यांचा कडकडाट आला आणि फोन बंद झाला. एकुलत्या एका पोराचं लग्न लागलं होतं, आणि तात्यांनी त्यातलं काहीच बघितलं नव्हतं. ते कॅनॉलच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले. डोळ्यांत धुरळा गेलाय, असं त्यांनी विचारायला आलेल्या भावकीला सांगितलं.

वऱ्हाड कळसला पोचलं दोन वाजून चाळीस मिनिटांनी. पहिल्या तीन पंगती उठल्या होत्या. मांडवाच्या दारात आबाजी उभे होते. हातात हार, शेजारी ताटात शाल, फेटा, नारळ. त्यांनी हार सुकू नये म्हणून त्यावर दोनदा पाणी शिंपडवलं होतं. तात्या गाडीतून उतरले तसे ते चार पावलं पुढं आले. सगळं रीतसर केलं. फेटा घातला, शाल पांघरली, गळ्यात हार घातला, मिठी मारली. पंधरा वर्षं ज्या हाराची वाट बघितली तो तात्यांच्या गळ्यात होता, आणि बघायला सगळं कळस जमलं होतं. तात्यांनी मान खाली घातली आणि उशिराबद्दल काहीतरी पुटपुटायला लागले.

"उशीर कसला," आबाजी म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीसारखाच हळू होता, पण तोवर मांडव शांत झाला होता. "बारा पंचीसला तुमी हवेतनं नऊ किलोमीटरवर व्हता. पंचीसच्या आत म्हंजी आपलंच अंगण. तुमी अंगणातच उभं व्हता की तात्या. आमी तसंच धरलं."

आधी एकजण हसला, मग दहा, मग सगळा मांडव. तात्यांनाही हसावं लागलं, कारण वरबापानं लग्नात रडायचं नसतं. पंगतीत त्यांना मानाच्या पाटावर बसवलं, जिलेबीचा आग्रह केला. फोटोवाला येऊन म्हणाला, की अक्षतांच्या फोटोत तुम्ही नाही, पण आता इथं उभे राहा, मी मागाहून कॉम्प्युटरवर बरोबर बसवतो. तात्या उभे राहिले. हात उंच करा, अक्षता टाकल्यासारखा, असं फोटोवाल्यानं सांगितलं. त्यांनी तसा केला. पलीकडं कुशाबाई विहीणबाईशेजारी बसून जेवत होती. तात्यांनी तिला जवळ जाऊन विचारलं, की लग्न कसं झालं? ती म्हणाली, चांगलं झालं, पोरगी गुरुजी 'सावधान' म्हणायच्या आधीच हसली. 

चार वाजता पाठवणी निघाली. स्वरूपा आईच्या गळ्यात पडून रडत होती. तिची आई गोडगोड बोलणारी बाई नव्हती. तिनं डोळे पुसले आणि सरळ तात्यांपुढं येऊन उभी राहिली.

"व्याही," ती म्हणाली, "मला ह्यांचं काय कळत न्हाय. पोरीला बघावं वाटलं तर किती लांब हाय तुमचं गाव?"

 रणजितनं मान वर केली. आबाजी हातातली सुपारी कातरायचे थांबले. तात्यांच्या जिभेवर अडतीस तयार होता. पंधरा वर्षांचा सराव, तो आपसूकच येत होता. त्यांनी समोरच्या बाईकडं बघितलं. तिला घरची कामं उरकून निघून, लेकीला भेटून, दिवस मावळायच्या आत परत यायचं होतं. तिला कुठला कारखाना अडवायचा नव्हता.

"पंचावन्न," तात्या म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "रस्त्यानं पंचावन्न. हंगामात दोन तास धरा. सकाळी लवकर निघत जावा."

तिनं मान हलवली आणि ती लेकीकडं वळली. तात्या गाडीचं दार उघडत होते तेवढ्यात आबाजी शेजारी आले. आता त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तात्यांना तो परतवता आला असता.

"तात्या, असाच रस्त्याचा आकडा तवा पुण्यात सांगितला असता," ते म्हणाले, "तर आमचा ऊस आमच्यातच गाळला असता. आन् आज तुमी पोराच्या लग्नाला पोचला असता."

 तात्या गाडीत मागं बसले. पुढच्या सीटवर कुशाबाई आधीच बसलेली होती, आणि ड्रायव्हरला कुठून वळायचं ते तीच सांगत होती.